कर्नलला पहिला पॅच पाठवला, बॉटने परत केला. नक्की काय काय चुकलं?

कृष्णाकाठ_०७

नमस्कार मंडळी. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, सी बऱ्यापैकी येतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या सरांनी एकदा वर्गात सहज म्हटलं की लिनक्स कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) कोणीही पॅच, म्हणजे कोडमधला बदल, पाठवू शकतं, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळत होता. दिवाळीनंतर बसलोच. ड्रायव्हर्समध्ये ते स्टेजिंग नावाचं फोल्डर असतं ना, कच्चे ड्रायव्हर ठेवलेलं, त्यातला एक वायफाय ड्रायव्हर घेतला (नाव सांगत नाही, शोधलं तर माझे प्रताप सापडतील). एका फाईलवर चेकपॅच ही कोडची स्टाईल तपासणारी स्क्रिप्ट चालवली तर शंभरेक वॉर्निंग, म्हटलं चला, काम मिळालं. टॅबच्या जागी स्पेस होत्या त्या नीट केल्या, तीनचार व्हेरिएबलची अर्धी कॅपिटल अर्धी स्मॉल नावं होती ती बदलली, आणि मेकला डब्ल्यू=१ (जास्तीच्या वॉर्निंग दाखव) दिल्यावर कंपायलर ओरडत होता की ‘रिट’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये व्हॅल्यू भरली जाते पण वापरली जात नाही, तर ते व्हेरिएबलच उडवलं. सगळं मिळून एक पॅच. सब्जेक्ट दिला ‘कोडिंग स्टाईल इश्यूज फिक्स केले’.

पहिल्यांदा जीमेलमधून अटॅचमेंट करून पाठवला तर मेलिंग लिस्टवरून (पॅच तिथेच पाठवायचे असतात) लगेच बाऊन्स. मग गिट सेंड-ईमेल ही पॅच मेल करायची कमांड शिकलो, त्याचा पासवर्ड चालायलाच दोन रात्री गेल्या, शेवटी गेला एकदाचा. त्यानंतर ११ दिवस काही नाही, एक अक्षर नाही. बाराव्या दिवशी मेंटेनरच्या (तो भाग सांभाळणाऱ्याच्या) बॉटचं मेल: एकाच पॅचमध्ये अनेक वेगवेगळ्या गोष्टी केल्यात, साइन्ड-ऑफ-बाय ओळ नाही, आणि वर्णनात पुरेशी माहिती नाही. माणसाने पाहिलासुद्धा नाही बहुतेक.

मला समजत नाहीये की इतक्या छोट्या कामाचे तुकडे करायचे म्हणजे किती करायचे, आणि वर्णनात लिहिणार काय, स्पेसचा टॅब केला याच्यावर काय निबंध लिहायचा? आणि ११ दिवस गप्प का बसतात लोक? कोणी केलं असेल तर सांगा, हात जोडतो.

घाटमाथा

अरे वा, अभिनंदन आधी. बॉटचं मेल आलं म्हणजे पॅच योग्य पत्त्यावर पोचला होता, निम्म्या लोकांचा तेवढाही पोचत नाही 😄

मी पुण्यात एम्बेडेडमध्ये आहे, गेली आठ-नऊ वर्षं अधूनमधून पाठवतो. आधी ११ दिवसांचं सांगतो कारण त्याचा तुला जास्त त्रास झालेला दिसतोय. कर्नलचं नवीन व्हर्जन साधारण दर ९-१० आठवड्यांनी येतं. एक व्हर्जन सुटलं की पुढचे दोन आठवडे मर्ज विंडो असते, म्हणजे सगळे मेंटेनर आपापला जमवलेला माल लिनसकडे (लिनक्सच्या मूळ कर्त्याकडे) पाठवण्यात बुडालेले असतात, त्या काळात नवीन पॅच बहुतेक जण हातातच घेत नाहीत. दोन आठवड्यांनी आरसी-१ (रिलीजआधीचं पहिलं चाचणी व्हर्जन) येतं, मग दर आठवड्याला एक आरसी, सातव्या किंवा आठव्यानंतर परत रिलीज. तू पाठवलास ती तारीख बघ आणि रिलीजची तारीख बघ, मला वाटतं तू बरोबर त्या दोन आठवड्यांत सापडलास. लग्नघरात मांडव घालायच्या दिवशी जाऊन वीजबिलाचं विचारल्यासारखं झालं. राग कोणी धरत नाही पण उत्तरही मिळत नाही.

एरवीसुद्धा निदान एक आठवडा थांबायचं, मगच आठवण करायची, आणि तीही त्याच धाग्यात एका ओळीची. चार दिवसांत तोच पॅच परत पाठवू नकोस.

आता तुकडे. नियम एवढाच की एका पॅचमध्ये एक गोष्ट. ‘एक फाईल’ नाही, ‘एक वॉर्निंगचा प्रकार’. म्हणजे तुझे तीन पॅच झाले: स्पेसचा एक, नावं बदलण्याचा एक, व्हेरिएबलचा एक. नावं बदलण्याचेसुद्धा मी प्रत्येक नावाला एक असे करीन. हा अती काटेकोरपणा वाटतो पण रिव्ह्यू करणारा काय बघतो विचार कर, त्याच्यासमोर दीडशे ओळींचा डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) आहे, त्यातल्या १४८ ओळी नुसत्या स्पेसच्या आणि मधेच दोन ओळींत लॉजिक बदललंय, ते त्याच्या नजरेतून निसटणारच. स्पेसचा पॅच वेगळा असेल तर तो दहा सेकंदात डोळे फिरवून पुढे जातो. शिवाय पुढे काही मोडलं तर गिट बायसेक्ट लावून नेमका पॅच शोधता येतो आणि तेवढाच मागे घेता येतो, तुझ्या खिचडीत तांदूळ वेगळे कसे काढणार?

आणि चेकपॅच तू फाईलवर चालवलास, म्हणजे डॅश-एफ देऊन. ते काम शोधायला ठीक. पण पाठवण्याआधी तयार झालेल्या पॅच फाईलवर परत चालवायचा असतो, तेव्हाच तो साइन्ड-ऑफ-बाय नाही म्हणून बोंबलतो. तेवढं केलं असतंस तर बॉटची एक ओळ वाचली असती.

नवशिका_नाही

२१ व्या शतकात ईमेलने कोड पाठवायचा ही काय पद्धत आहे राव. गिटहबवर पुल रिक्वेस्ट मारायची, हिरवं बटण, काम खल्लास. कर्नल गिटहबवर आहेच की.

घाटमाथा

@नवशिका_नाही आहे पण ती नुसती आरशासारखी प्रत आहे, तिथे पुल रिक्वेस्ट टाकली तर पडून राहते. बाकी ईमेल जुनाट वाटतो हे खरं, मलाही पहिली दोन वर्षं वाटायचं. पण मेलमध्ये डिफच्या नेमक्या ओळीखाली उत्तर लिहिता येतं, कुठल्याही क्लायंटवरून, बस मध्ये बसून, नेट नसताना, आणि सगळं लोरवर (लिस्टांच्या मेलचा संग्रह) कायमचं शोधता येतं, पंधरा वर्षांपूर्वी अमुक ओळ का घातली त्याची पूर्ण भांडणासकट चर्चा सापडते. ज्या प्रोजेक्टला पुल रिक्वेस्ट चालतात तिथे त्या करा की, कोण नको म्हणतंय. लिब्रेऑफिसला गेरिट (रिव्ह्यूची वेगळी सिस्टिम) लागतं, पोस्टग्रेस परत मेलवरच चालतं. ज्या घरी जाल तिथली रीत.

राईनकाठची_ताई

मी जर्मनीत असते, मूळची नाशिकची. ड्रायव्हरचंच काम करते, त्यामुळे राहवलं नाही.

कृष्णाकाठ, स्पेस आणि नावं राहू देत बाजूला, मला तुझं ते ‘रिट’ बघायचंय. कंपायलर म्हणतोय की व्हॅल्यू भरली पण वापरली नाही. तू व्हेरिएबल उडवलंस, वॉर्निंग गेली, तू खूश. पण बाळा, त्यात व्हॅल्यू कुठून येत होती? कुठल्यातरी फंक्शनचा रिटर्न असणार ना? म्हणजे ते फंक्शन सांगतंय की ‘मला जमलं नाही’, आणि आधीच्या माणसाने ते ऐकून कागदावर लिहून ठेवलं आणि कधी वाचलं नाही. तू तो कागदच फाडलास. बग तिथेच आहे, फक्त आता तो ओरडत नाही.

त्या ओळी इथे टाकशील? वरच्या दहा आणि खालच्या दहा.

गोवेकर_बिट

सेंड-ईमेलच्या पासवर्डचं मी लिहितो कारण दर महिन्याला कोणीतरी हेच विचारतं. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड २०२२ पासून चालत नाही. आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा, मग अ‍ॅप पासवर्ड नावाचा सोळा अक्षरी पासवर्ड बनवा, तो द्या. सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, एन्क्रिप्शन टीएलएस. उबुंटूवर गिट असलं तरी सेंड-ईमेल नसतं, गिट-ईमेल नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, यात माझा एक रविवार गेलाय.

अटॅचमेंटवालं बाऊन्स झालं ते एचटीएमएलमुळे. जीमेलचं वेब पान एचटीएमएल पाठवतं आणि कर्नलच्या लिस्टा एचटीएमएल दारातूनच हाकलतात. प्लेन टेक्स्ट केलं तरी ते पान टॅबच्या स्पेस करतं आणि लांब ओळी मोडतं, म्हणजे पॅच लागूच होत नाही. तेव्हा त्या पानावरून पॅच कधीच नाही.

आणि लिस्टवर पाठवायच्या आधी स्वतःलाच पाठवायचा. आलेलं मेल सेव्ह करायचं आणि स्वच्छ ब्रँचवर गिट एएम (मेलमधला पॅच कोडला लावणं) करून बघायचं. लागला तर बाकीच्यांकडेही लागेल. पाच मिनिटं जातात पण अब्रू राहते.

कृष्णाकाठ_०७

बापरे, एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू. घाटमाथा सर, तारीख बघितली, मी शुक्रवारी पाठवला आणि त्या आधीच्या रविवारी रिलीज झालं होतं 🤦 बरोबर मांडवाच्या दिवशी.

ताई, ओळी बघितल्या. एक फंक्शन चिपच्या रजिस्टरमधून वाचतं, त्याचा रिटर्न ‘रिट’मध्ये जातो, आणि पुढच्या ओळीत वाचलेला आकडा तसाच वापरलाय. म्हणजे वाचणं फसलं तर त्या आकड्यात काहीही कचरा असेल, बरोबर? मी हे बघितलंच नव्हतं, मी फक्त वॉर्निंग बघत होतो.

तर आता मी चेक घातला, फसलं तर एरर परत करायचा, आणि वर्णन असं लिहिलंय, सांगा चालेल का: “या पॅचमध्ये मी रिट व्हेरिएबलचा चेक घातला आहे. आधी चेक नव्हता. आता कंपायलरची वॉर्निंग येत नाही.”

घाटमाथा

सर नको रे. दादा म्हण फार तर.

राईनकाठची_ताई

शाब्बास. आता हे खरं पॅच झालं. पण वर्णन नाही चालणार, आणि का ते जरा सांगते कारण सगळ्यात जास्त पॅच इथेच परत येतात.

तुझ्या घरी शेती असेल तर सातबारा बघितला असशील. सातबाऱ्यावर काय आहे ते दिसतं: क्षेत्र किती, नाव कोणाचं. पण ते नाव तिथे कसं आलं, वारसाने की खरेदीने, हे बघायला फेरफार काढावा लागतो. कोड म्हणजे सातबारा आणि कमिट मेसेज, म्हणजे हे तुझं वर्णन, हा फेरफार. दहा वर्षांनी कोणीतरी गिट ब्लेम (कुठली ओळ कोणत्या बदलातून आली ते बघणं) करून तुझ्या ओळीवर येणार, त्याला ओळ दिसतेच आहे, त्याला विचारायचंय की ही इथे का आली. तू लिहिलंयस ‘चेक घातला’, ते त्याला डिफमध्ये दिसतं. वारस कोण ते लिही.

म्हणजे तीन गोष्टी सांग, वेगवेगळ्या परिच्छेदांत नसल्या तरी चालतील. आज काय होतंय: अमुक फंक्शन रजिस्टर वाचतं, ते फसू शकतं, पण रिटर्न दुर्लक्षित होतो. त्याने काय बिघडतं: इनिशियलाइज न झालेला आकडा पुढे अमुक ठिकाणी वापरला जातो. मग काय करतोयस: रिटर्न तपास आणि एरर वर पाठव. शेवटचं वाक्य हुकूम दिल्यासारखं लिहायचं, ‘अ‍ॅड’ म्हणायचं, ‘अ‍ॅडेड’ नाही आणि ‘या पॅचमध्ये मी’ तर नाहीच नाही. ओळी साधारण ७५ अक्षरांत मोडायच्या.

सब्जेक्ट पण बदल. ‘स्टाईल इश्यूज’ वरून कोणाला काही कळत नाही. आधी सबसिस्टिम, कोलन, ड्रायव्हरचं नाव, कोलन, मग नेमकं काय. त्या फाईलचा गिट लॉग काढ आणि बाकीचे कसे लिहितात ते उचल.

आणखी एक. हा आता बग फिक्स आहे, म्हणून ज्या कमिटने हा घोळ घातला तो शोधून फिक्सेस टॅग लाव: कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि कंसात, अवतरण चिन्हांत त्याचा सब्जेक्ट. स्पेसच्या पॅचला फिक्सेस लावू नकोस, हसतील.

आणि खरं सांग, तुझ्याकडे ती चिप आहे का?

कृष्णाकाठ_०७

नाही ताई, चिप नाही. नुसतं कंपाईल होतंय एवढं बघितलं.

राईनकाठची_ताई

मग तसंच लिही, ‘फक्त कंपाईल करून तपासलंय’. तीन डॅशच्या रेघेखाली लिही, तिथलं कमिटमध्ये जात नाही पण वाचणाऱ्याला दिसतं. यात कमीपणा काही नाही. न तपासता तपासलंय म्हटलंस आणि कोणाच्या तरी टॅबलेटचं वायफाय गेलं तर मात्र तुझं नाव लक्षात राहतं. व्ही-१ पासून, म्हणजे पहिल्या वेळी पाठवलेल्यापासून, काय बदललं तेही त्या रेघेखालीच.

नवशिका_नाही

ही साइन्ड-ऑफ-बाय ओळ म्हणजे नुसती सही ना? एवढं काय त्याचं.

घाटमाथा

सहीच, पण कशाखाली केलीय ते बघ. २००३ मध्ये एससीओ नावाच्या कंपनीने आयबीएमवर केस टाकली होती, म्हणणं असं की आमच्या मालकीचं युनिक्स लिनक्समध्ये घुसवलं. त्या गदारोळात प्रश्न आला की कुठली ओळ कोणाकडून आली हे दाखवणार कसं, आणि २००४ मध्ये ही ओळ सुरू झाली. तिचा अर्थ, हा कोड मी लिहिलाय किंवा मला तो या लायसन्सखाली द्यायचा हक्क आहे. म्हणून नोकरी करणाऱ्यांनी आधी ऑफिसात विचारावं, काही करारांत तुम्ही घरी लिहिलेलंही त्यांचंच असतं. माझ्या एका जुन्या कंपनीत (नाव नको) मला सहा महिने परवानगीची वाट बघावी लागली होती, तोवर दुसऱ्याच कोणीतरी तोच बग दुरुस्त करून टाकला. असो.

कृष्णाकाठ, तुझं गिटमधलं नाव काय आहे? इथलंच टोपणनाव असेल तर बदल. पूर्वी खरं नाव पाहिजे असं स्पष्ट लिहिलेलं होतं, २०२३ मध्ये ते थोडं सैल करून ओळखीचं नाव चालेल असं केलं, पण निनावी अजूनही चालत नाही. आणि एकदा जे नाव-ईमेल ठरवशील तेच ठेव.

कृष्णाकाठ_०७

आठ दिवसांनी अपडेट देतोय, परीक्षा होती.

आरसी-१ आल्यावर व्ही-२ पाठवला. स्पेस आणि नावांचे पॅच सध्या काढूनच टाकले, फक्त हा एकच. गेट-मेंटेनर (कोणाला पाठवायचं ते सांगणारी) स्क्रिप्ट पॅच फाईलवर चालवून जी नावं आली ती सगळी टाकली. स्वतःला पाठवून गिट एएम केलं, लागला 🙂

तरी एक गंमत झालीच. गिटमध्ये मी नाव मार्कशीटसारखं लिहिलं होतं, आडनाव, नाव, वडिलांचं नाव. साइन्ड-ऑफमध्ये हाताने टाईप केलं ते नाव-आडनाव. चेकपॅचने पकडलं की पाठवणारा आणि सही करणारा जुळत नाहीत. मग कमिट करताना डॅश-एस दिलं की आपोआप येतं हे कळलं. हे कोणीतरी आधी सांगायचं की!

आणि चार दिवसांत खऱ्या माणसाचं उत्तर आलं. त्याने माझ्या ओळीच्या खाली लिहिलंय की चेक बरोबर आहे पण एरर परत करायच्या आधी वर घेतलेलं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी) सोडायचं राहिलंय. आणि खरंच राहिलंय. तो एरर आला असता तर अख्खं वायफाय लटकलं असतं. मला घाम फुटला, म्हणजे मी बग काढायला गेलो आणि मोठा घालून आलो. आता काय करू, सॉरीचं मेल लिहू का?

राईनकाठची_ताई

सॉरी नको. त्याच्या मेलला उत्तर दे: बरोबर आहे, चुकलं, व्ही-३ मध्ये दुरुस्त करतो. त्याच्या वाक्याखाली लिही, वर नाही, आणि बाकीचा अनावश्यक मजकूर छाटून टाक. मग लगेच त्याच संध्याकाळी व्ही-३ पाठवू नकोस, एकदोन दिवस थांब, आणखी कोणी काही बोललं तर तेही त्यातच जाईल. नवीन व्हर्जन नवा धागा म्हणून पाठव, जुन्याच्या खाली अडकवू नकोस, खाली व्ही-२ ची लोरची लिंक दे.

बाकी लॉक घेऊन मधूनच परत फिरणं ही चूक मी पगार घेऊन केलेली आहे. त्या फंक्शनच्या तळाशी गोटू लेबल असेल, अनलॉक करून बाहेर पडणारं. कॉलेजात गोटू वाईट म्हणून शिकवलं असेल, कर्नलमध्ये एरर आला की सगळे तिथूनच बाहेर पडतात. तिकडे उडी मार.

गोवेकर_बिट

लॉकचं चार दिवसांत पकडलं म्हणजे कोणीतरी खरंच बसून वाचलं रे तुझं. माझ्या पहिल्या पॅचला ‘अप्लाइड, थँक्स’ एवढंच आलं होतं आणि नंतर कळलं की त्यात चूक होती.

कृष्णाकाठ_०७

लेबल होतं! तीन ओळींचा पॅच झाला शेवटी. शंभर वॉर्निंगवरून तीन ओळी.

व्ही-३ पाठवला परवा. आज सकाळी परत त्याच बॉटचं मेल आलं, मी उघडायच्या आधी चहा घेतला. लिहिलंय की तुमचा पॅच स्टेजिंगच्या टेस्टिंग ब्रँचमध्ये घेतलाय. आईला दाखवलं, ती म्हणाली हे इंग्रजीतलं पत्र आहे तर चांगलं असेल.

आता स्पेसचा पॅच पाठवू का? आणि हे खऱ्या कर्नलमध्ये कधी दिसेल?

घाटमाथा

टेस्टिंग ब्रँचमध्ये काही मोडलं नाही तर तिथून पुढे सरकेल, बिल्ड करून बघणारे रोबोट आहेत, ते वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर दळत बसतात, कुठे फुटला तर तुलाच मेल येईल. फिक्स म्हणून धरला तर याच आरसीत जाईल, नाहीतर पुढच्या मर्ज विंडोत. त्या विंडोत आता तू पॅच पाठवणार नाहीस हे गृहीत धरतो 😄

स्पेसचा पाठव की. पण त्याच फाईलमध्ये असे न वाचलेले आणखी किती ‘रिट’ आहेत ते आधी बघ.

कृष्णाकाठ_०७

बघितले. सात आहेत.